गेरूचा खडा आणलात, आता पुढे?

दसरा झाला की मला फोन सुरू होतात. गेरू हाताला लागतो. सुकल्यावर पापुद्रे सुटतात. तुळशीच्या लग्नाआधी एखादी सर आली की वृंदावनावरून लाल ओघळ उतरतात आणि खालची फरशी खराब होते. फोन करणाऱ्या बहुतेकजणी माझ्या विद्यार्थिनी. सिंधुदुर्गातल्या शाळेत मी त्यांना चित्रकला शिकवली. आता त्या पुण्यात, ठाण्यात, काहीजणी दुबईतही आहेत आणि बाल्कनीतल्या एका कुंडीला का होईना, पण दिवाळीत गेरू लावतात. त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगत आले ते इथे एकत्र लिहिते.

या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच. खडा कुटला, पाण्यात कालवला आणि लगेच कुंचला फिरवला, की त्या रंगात वाळू असते, कच असते आणि भिंतीला धरून ठेवणारं काहीच नसतं. गेरू आधी धुवून निथळायचा. मग कुठे लावायचा ते बघून त्याला बांधायचा. ही दोन कामं नीट झाली तर वृंदावन पुढच्या दिवाळीपर्यंत तांबडं राहतं.

खडा घ्या, पूड नको

पूजेच्या सामानाच्या दुकानात, कुंभाराकडे किंवा काष्ठौषधींच्या दुकानात गेरूचे खडे मिळतात. पिशवीतली तयार पूड सोयीची वाटते, पण तिच्यात विटांचा चुरा किती, चुनखडी किती आणि रंग किती हे नुसतं बघून कळत नाही. खड्यात लबाडी करणं अवघड असतं.

खडा हातात आला की टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर ओढून बघा. रेघ लालसर तपकिरी उमटली पाहिजे. खडा बाहेरून काळपट किंवा जांभळट असला तरी चालेल, रेघ तांबडी हवी. गेरूतला रंग हेमाटाइट नावाच्या लोहखनिजाचा असतो. त्याचं नावच ग्रीक भाषेतल्या रक्ताच्या शब्दावरून पडलंय, आणि चमकदार काळ्या हेमाटाइटची रेघसुद्धा लालच येते.

पूडच घ्यावी लागली तर तिची परीक्षा घरी घेता येते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर पूड ढवळा आणि रात्रभर ठेवा. गेरू पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे सकाळी तळाशी गाळ आणि वर स्वच्छ पाणी दिसलं पाहिजे. वरचं पाणी गुलाबी किंवा केशरी राहिलं तर त्यात कृत्रिम रंग मिसळलाय. चिमूटभर पुडीवर लिंबू पिळल्यावर फसफसली तर चुनखडी आहे. बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर विटेचा चुरा किंवा वाळू. वाळूला घाबरू नका, ती धुण्यात निघून जाईल. कृत्रिम रंगाची पूड मात्र परत करा.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं रेड ऑक्साइड हा वेगळा माल आहे. तोही लोहाचाच ऑक्साइड, पण कारखान्यात केलेला, अगदी बारीक आणि जोरकस. जुन्या घरांतल्या लाल कोब्याच्या गुळगुळीत जमिनी सिमेंटमध्ये तोच घालून करायचे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण त्यात माती नसते. गेरूला स्वतःची अशी जी थोडी चिकटण असते ती मातीमुळे, म्हणून ऑक्साइडची नुसती पूड पाण्यात कालवून लावली तर हाताला अधिकच लागते. फरशीच्या सांध्यांत शिरलं तर निघतही नाही. रांगोळीखालच्या चौकोनासाठी ते कधीही वापरू नका.

आणखी एक. अंगावर पित्त उठलं की गेरू लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि आयुर्वेदात स्वर्णगैरिक, म्हणजे आपली सोनकाव, औषध म्हणून येते. पण तिच्यावर आधी शुद्धीचे संस्कार करतात. रंगासाठी आणलेला खडा अंगाला लावू नका आणि पोटात तर मुळीच घेऊ नका.

स्वर्णगैरिकातला गैरिक तोच आपला गेरू. गिरी म्हणजे डोंगर, त्यातलं ते गैरिक. या रंगाला आपल्या पूर्वजांनी फुलाचं किंवा फळाचं नाव दिलं नाही, तो जिथून खणून आणला त्या जागेचं दिलं. मराठीत या छटेच्या आसपास बरीच नावं आहेत. विटेवरून विटकरी आलं, तपकिरीवरून तपकिरी. पण ही नावं एखाद्या वस्तूचा रंग सांगतात. गेरू हे नाव रंगाचंही आहे आणि त्या मातीचंही, आणि ती कुठून आली तेही त्यातच आलं. वर्गात मी मुलांना हे खडा हातात देऊन सांगायचे. डोंगराचा तुकडा आहे म्हटल्यावर त्यात वाळू, खडी, मुळं असणारच, ती काढल्याशिवाय रंग हाती लागत नाही, हे मग वेगळं समजवावं लागायचं नाही.

धुणं आणि निथळणं

हे काम सर्वांत महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. फार कष्ट नाहीत, फक्त दोन दिवस आधी सुरुवात करावी लागते.

पाव किलो खडे जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा, म्हणजे तुकडे उडणार नाहीत. नंतर खलबत्त्यात किंवा पाट्यावर थोडं पाणी शिंपडत वाटा. कोरडं कुटू नका, ती धूळ छातीत जाते. नाकाला फडकं बांधलेलं बरं. पाटा-वरवंटा या कामासाठी वेगळा असावा, कारण दगडात मुरलेला तांबडेपणा पुढे चटणीत उतरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीची गेरू वाटायची सामग्री मिळाली आहे. वाटायचे दगड, हाडातली चरबी, कोळसा, आणि हे सगळं कालवून ठेवायला समुद्री शंख-शिंपले. आपण पाट्यावर करतो ते काम तेव्हापासून चालत आलंय, आणि रंगाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं हेही त्या माणसांना ठाऊक होतं.

वाटलेला गेरू बादलीत घ्या, त्यावर तीन लिटर पाणी घाला आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी हाताने तळापासून ढवळा, हात बाहेर काढा आणि मनातल्या मनात तीस अंक मोजा. तेवढ्या वेळात वाळू आणि जाड कच तळाला बसते, बारीक रंग पाण्यात तरंगत राहतो. आता वरचं लाल पाणी दुसऱ्या बादलीत हळूच ओता. तळाची वाळू दिसायला लागली की थांबा. पहिल्या बादलीत पुन्हा पाणी घाला, ढवळा, मोजा, ओता. पाणी फिकट येईपर्यंत हे करत राहा. खाली जी वाळू उरते ती फेकू नका, कुंडीच्या तळाला घालायला किंवा सारवणाच्या मातीत मिसळायला चांगली.

दुसऱ्या बादलीतलं लाल पाणी जुन्या पंचातून किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळा आणि झाकून ठेवा. दिवसभरात, कधी दीड दिवसात, रंग तळाला बसतो आणि वर नितळ पाणी येतं. ते पाणी हलक्या हाताने काढून टाका. कपभर असेल तर कापसाची वात कडेवरून खाली सोडून ठेवली तरी पाणी आपोआप बाहेर उतरतं. तळाशी जो गुळगुळीत लगदा राहील तो तुमचा खरा गेरू. बोटांत चोळलात तर काहीही टोचणार नाही.

लगेच वापरायचा असेल तर तसाच बरणीत भरा. पुढच्या वर्षासाठी ठेवायचा असेल तर केळीच्या पानावर छोट्या वड्या घालून सावलीत वाळवा. वाळलेल्या वड्यांना कीड लागत नाही, बुरशी येत नाही, किती वर्षं ठेवा. मात्र बरणीतल्या ओल्या लगद्याला वास येऊ लागतो.

या धुण्याने दोन गोष्टी साधतात. कण बारीक झाल्यामुळे रंग उजळतो, आणि थर पातळ बसतो. पापुद्रे सुटतात ते जाड थरामुळे आणि वाळूमुळे.

हवी ती छटा

काही दुकानांत पिवळी माती मिळते, तिला पिवडी म्हणतात. तिच्यातही लोहच असतं, फक्त त्याच्या रचनेत पाण्याचा अंश अडकलेला असतो. ती भाजली की तो अंश निघून जातो आणि पिवळ्याचा तांबडा होतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला हे घडतं, म्हणजे चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर घरीसुद्धा करता येतं.

धुऊन वाळवलेली पिवडी बारीक करून तव्यावर पातळ पसरा, खिडकी उघडी ठेवा आणि उलथन्याने हलवत राहा. आधी ती केशरी होते, मग तांबूस, मग गडद तपकिरी-लाल. गरम असताना रंग जास्त गडद दिसतो, म्हणून चिमूटभर काढून पांढऱ्या बशीत थंड करून बघा आणि मगच थांबायचं की नाही ते ठरवा. फार तापवला तर जांभळट झाक येते. काहींना ती आवडते, मला नाही. तवा यासाठी वेगळाच ठेवा.

मुलांच्या रंगपेटीत बर्न्ट सिएना नावाची नळी असते. शाळेत हमखास विचारलं जायचं, बाई, हे कसलं नाव? सिएना हे इटलीतल्या तोस्काना प्रांतातलं शहर. त्याच्या आसपासची पिवळसर तपकिरी माती रंगासाठी प्रसिद्ध होती, तिलाच सिएनाची माती म्हणत. ती भाजली की बर्न्ट सिएना, भाजलेली सिएना. तिच्यात लोहाबरोबर थोडं मँगनीजही असतं, आणि ती गेरूपेक्षा जरा ऊबदार आणि पारदर्शक दिसते. सिनोपियाचंही असंच. काळ्या समुद्राकाठी आजच्या तुर्कस्तानात सिनोप नावाचं बंदर आहे, तिथून जाणारी लाल माती ती सिनोपिया. इटालियन चित्रकार भिंतचित्राचा पहिला आराखडा या लाल मातीने काढत, आणि त्या आराखड्यालाच पुढे सिनोपिया हे नाव मिळालं. तव्यावर पिवडीचा रंग पालटताना मुलांना दाखवलात तर रंगपेटीतलं ते नाव त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

कुठे लावायचा, त्यावर बांधणी

मातीची भिंत किंवा शेणाने सारवलेली जमीन असेल तर काही घालावं लागत नाही. मातीला माती धरते. सारवण अर्धवट ओलं असताना गेरूचा ताकाइतका पातळ हात फिरवा, सुकल्यावर दुसरा. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरांत कुडाच्या भिंतीवर अशाच गेरूच्या किंवा शेणामातीच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की त्यांचा कुंचला तयार होतो. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तुम्हालाही कागदावर किंवा कापडावर वारली काढायचं असेल तर गेरूत बाभळीचा डिंक घाला. एक भाग डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. वाटीभर गेरूच्या लगद्याला दोन चमचे डिंकपाणी पुरे. डिंक जास्त झाला तर चकाकी येते आणि कापड घडी घातल्यावर तडकतं.

मातीच्या कुंड्यांचं काम सोपं वाटतं, पण जुनी कुंडी असेल तर आधी तिच्यावरचं पांढरं मीठ बघा. पाण्यातले क्षार बाहेर येऊन साचतात आणि त्यावर कुठलाही रंग टिकत नाही. काथ्याने घासा, धुवा, दोन दिवस उन्हात कडक वाळवा. नवी कुंडी असो की जुनी, रंग लावण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ती गेरूतलं पाणी एकदम शोषते आणि कुंचल्याचे फटकारे दिसतात. बांधणीला गव्हाच्या पिठाची किंवा आरारुटाची पातळ खळ चालते, पण फक्त छपराखाली. उघड्यावरच्या कुंडीला पांढरा डिंक, म्हणजे सुतार वापरतात तो, वाटीभर लगद्याला एक चमचा घाला. त्याहून जास्त नको, कुंडीला श्वास घेऊ दे.

रांगोळीखालचा चौकोन धुतल्यावर निघून जायला हवा, म्हणून त्यात काहीही बांधणी घालू नका. शहाबादी, कोटा किंवा पेव्हिंग ब्लॉकवर फरशी ओली करून घ्या, पातळ गेरू जुन्या सुती फडक्याने एकाच दिशेने ओढा. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. चकचकीत टाइलवर गेरू थांबत नाही, गोळा होतो. तिथे आधी मुलतानी मातीचा पातळ हात द्या आणि तो सुकल्यावर गेरू. पांढऱ्या संगमरवरावर मात्र लावूच नका, डाग आत शिरतो.

आता सिमेंटचं किंवा चिऱ्याचं तुळशीवृंदावन, जे पावसात उभं असतं. त्याला दुधातल्या प्रथिनाची आणि चुन्याची बांधणी द्यायची. ही जगभर चालत आलेली जुनी रीत आहे आणि मी इतर सगळ्यांपेक्षा हिच्यावर विसंबते.

अर्धा लिटर साय काढलेलं दूध कोमट करून लिंबू पिळून फाडा. चोथा फडक्यात गाळून दोन-तीन पाण्यांनी धुवा, आंबटपणा आणि तेलकटपणा दोन्ही गेले पाहिजेत. चोथ्याच्या पाच भागांना एक भाग चुन्याचा लगदा घ्या. पानाला लावायचा चुना चालतो, फक्त त्यात कात किंवा सुगंध मिसळलेला नसावा. हातमोजे आणि चष्मा घाला. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तसं झालंच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. मुलांना या कामात घेऊ नका. चोथा आणि चुना लाकडी दांड्याने घोटत राहिलात की वीसेक मिनिटांत दाणे विरघळून चिकट, अर्धपारदर्शक खळ तयार होते. तेवढंच पाणी घालून गाळा, त्यात गेरूचा लगदा मिसळा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते नासतं.

वृंदावन आधी घासून, शेवाळ काढून, पाणी शिंपडून ओलसर करून ठेवा. पहिला हात अगदी पातळ, सांधे आणि कोपरे आधी. तो पूर्ण सुकला की दुसरा, पहिल्याला आडवा. भर उन्हात लावू नका, सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर लावा. पुढचे दोन दिवस पाऊस नसेल असं बघा. त्यानंतर सर आली तरी ओघळ येत नाहीत.

काव म्हणा

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवाळीत सासूबाईंनी मला दुरुस्त केलं होतं. “गेरू नाय गो, काव.” किनाऱ्यावर हाच शब्द चालतो. तमिळ, मल्याळम आणि कानडीतही कावी म्हणजे तांबडी माती, आणि कानडीत संन्याशाच्या वस्त्राचा रंगही कावीच. गेरू शब्द संस्कृतातून खाली आला, काव दक्षिणेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली, आणि कोकणात दोघांची गाठ पडली.

या कावेवरून एका कलेचं नाव पडलं. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवार, अंकोला, कुमट्याच्या किनाऱ्यावरच्या देवळांत आणि जुन्या घरांत भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या नक्ष्या दिसतात, ती कावी कला. बघणाऱ्याला ते रंगवलेलं वाटतं, पण तो रंग कोरलेला असतो. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर देतात आणि ओला असतानाच तो लोखंडी काट्याने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. जिथे खरवडलं नाही तिथे तांबडी नक्षी राहते. एवढी एकच छटा, तरीही वेली, मोर, देवादिक सगळं त्यात येतं.

या कलेत तांबड्या मातीला हुरमुंजी असंही म्हणतात, आणि इथे पुन्हा बंदराचं नाव येतं. होर्मुझ हे इराणच्या आखाताच्या तोंडावरचं बेट. तिथली माती इतकी लाल आहे की बेटावरचे लोक तिला गेलाक म्हणतात आणि माशांच्या चटणीतही घालतात. होर्मुझ आणि गोवा यांच्यात घोड्यांचा मोठा व्यापार चाले, आणि १५१५ ते १६२२ हे बेट गोव्याप्रमाणेच पोर्तुगीजांकडे होतं. आपल्या पायाखाली जांभा असताना, जिथे खणाल तिथे लाल माती असताना, आखातातल्या बेटाचं नाव आपल्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचलं याचं मला फार कौतुक वाटतं. जांभ्याचं इंग्रजी नाव लॅटराइट, तेही फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने १८०७ साली केरळातले चिरे बघून ठेवलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून.

कावीचा छोटा नमुना घरी करता येतो. मंगलोरी कौलाचा सपाट तुकडा घ्या आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. एक भाग मुरलेला चुना आणि दोन भाग धुतलेली बारीक नदीची वाळू एकत्र मळा. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ गिलावा फोडतं. जुने कारागीर शिंपले भाजून केलेला चुना घेत, त्यात गुळाचं पाणी घालून दोन आठवडे आंबवत आणि मग कुटत. तुम्हीही पसाभर मिश्रणाला चमचाभर गुळाचं पाणी घालून झाकून तेवढे दिवस ठेवा, घाई केली तर गिलाव्याला तडे जातात.

कौलावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्या आणि थापीने दाबून सपाट करा. अंगठा दाबल्यावर रुतत नाही पण गारवा लागतो, अशी अवस्था आली की धुतलेली काव आणि चुना समसमान घेऊन घोटलेला लगदा पातळ पसरा. कागदाच्या दोन-तीन घड्यांइतकाच. तो बसला की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने गोल फिरवत घासा, तकाकी येईल. मग कंपासने वर्तुळ आणि पाकळ्या आखा आणि जाड सुईने पार्श्वभूमी खरवडून काढा. सुई उभी नको, तिरकी धरा, म्हणजे कडा ढासळत नाहीत. पहिल्यांदा सहा पाकळ्यांचं फूलच काढा, कंपासच्या एकाच मापात ते पूर्ण होतं. हातात साधारण तीन तास असतात, हवा कोरडी असेल तर कमी, म्हणून आखणी आधी कागदावर पक्की करून ठेवा.

हे टिकतं कशामुळे? ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि कावेचे कण त्यात पकडले जातात. वनस्पतींचे बरेचसे रंग चुन्याच्या तीव्रतेने जळतात. काव जळत नाही, कारण ती मुळातच गंजलेलं लोखंड आहे, तिचं आणखी काही व्हायचं उरलेलं नाही. ऊनही तिला उडवत नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांत, जे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली जगासमोर आणले, हजारो वर्षांपूर्वीची माणसं आणि जनावरं याच तांबड्या रंगात आजही दिसतात. अजिंठ्यातल्या चित्रांत गेरू आहेच.

नमुना सावलीत ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा द्या. सुकायची घाई केली तर चुना दगड व्हायच्या आधीच भुसभुशीत पडतो. दोन आठवड्यांनी ओल्या बोटाने पुसून बघा. बोट लाल झालं तर चुना कमी पडला, पुढच्या वेळी कावेच्या थरात थोडा वाढवा. बोट स्वच्छ राहिलं तर कौल अंगणात टांगा. उरलेल्या चुन्याचं पाणी झाडांच्या मुळाशी किंवा गटारात ओतू नका. तो लगदा बरणीत पाण्याखाली झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं राहतो, आणि जितका मुरेल तितका पुढच्या कामाला बरा.